पोश्याच्या नावाची नळी

बाबा गेल्यानंतर महिन्याभराने सुदर्शन सर तपासणीचे निकाल घेऊन सूर्यमाळला आले. उन्हाळ्यात त्यांच्या संशोधन संस्थेने शाळेत शिबिर भरवून गावातल्या लोकांचं रक्त नेलं होतं. बाबा तिथले गुरुजी. पहिला हात त्यांनीच पुढे केला होता. मला एकच विचारायचं होतं. बाबांचं हृदय बंद पडणार, हे त्या रक्तात दिसत होतं का?

"गुरुजींचं रक्त चांगलं होतं," सर म्हणाले.

मग ते शेजारच्या पोश्याकडे वळले. "तुझ्या रक्तात मात्र चरबीचे बारीक कण फार आहेत. जव्हारला जाऊन डॉक्टरांना दाखव."

पोश्या हसला. "ते रगत माझं नायच, सर. सुई बघून मी पळालो. बाई माझं नाव पुकारत व्हती, तं गुरुजीच माझ्या जागी बसला."

"म्हणजे दोन्ही नळ्या बाबांच्या?" मी विचारलं.

 सरांनी दोन्ही नळ्यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. मला दोन्हींत तोच उंचवटा दिसला. रक्त तपासायच्या चुंबकाच्या यंत्रात चरबीच्या लहानमोठ्या कणांचे संकेत एकमेकांवर चढतात, त्यांनी समजावलं. उंचवट्यात कोणते कण किती, हे संगणक शेकडो लोकांच्या रक्ताशी ताडून अंदाजाने ठरवतो.

"मग खरं कोणतं?"

"दोन नळ्यांच्या मधे काही खाल्लं होतं त्यांनी?"

"चा-बिस्कुट," पोश्या म्हणाला. "रगत दिलं की सगळ्यांनाच देत व्हते."

"तेवढ्याने एवढा फरक पडू नये." सर थांबले. "पडतही असेल. पद्धत नवी आहे. ही पोश्याची नळी हिशेबातून वगळतो."

"वगळू नका. बाबांच्या नावावर घाला. दोन्ही राहू देत."

हे मी का म्हणाले, मलाही नीट कळलं नाही. सरांनी होकारार्थी मान हलवली आणि पोश्याला सांगितलं, "तू उद्या उपाशीपोटी ये."

"येतो. पण हर्षदाताई, तू बाजूला बस. गुरुजी बी भ्याला व्हता. मी खिडकीतून बघितलं. दुसऱ्या येळी डोळं गच्च मिटून छातीशी हात धरला व्हता."

"बाबा सुईला भ्यायचे नाहीत."

"तं मंग काय व्हतं त्याला?"

मी सरांकडे पाहिलं. ते आलेखाकडे पाहत होते.