मेन स्विच

आमच्या शिलाईच्या कारखान्यात रडण्याची एक पद्धत होती, आणि ती मीच पाडली होती. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, की बाकीच्यांनी आपापली मशिनं भरधाव सोडायची. बारा मशिनं एकदम धडधडली, की हुंदका कुठल्या कुठे बुडतो. रडणारीची लाज राहते आणि कामही थांबत नाही. मला या युक्तीचा फार अभिमान होता. बटणवालीची आई गेली तेव्हा तर सगळ्यांनी मशिनं अशी पळवली, की दोन गणवेशांच्या बाह्या उलट्या लागल्या. मी रागावलेसुद्धा नाही. वाटलं, केवढं मोठं मन माझं!

मग माझीच ताई गेली.

कटिंगच्या टेबलाशी तीस वर्षं उभी राहिलेली माझी थोरली बहीण. मला सुईत दोरा ओवायला शिकवणारी, आणि मी मालकीण झाल्यावरही सगळ्यांदेखत माझे कान उपटणारी. चौथ्या दिवशी मी कामावर हजर, कोरडी ठणठणीत. कुणी "बाई, कशा आहात?" विचारलं, की मी गणवेश द्यायची तारीख सांगायची.  मालकीणच रडली तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं, असं माझं शहाणपण.

पंधरवड्यानं ताईनं कापून ठेवलेला शेवटचा गठ्ठा माझ्या मशीनवर आला. तिच्या सवयीप्रमाणे वर चिठ्ठी टाचलेली होती, निळ्या खडूनं लिहिलेली: "बाही आधी नीट बघ, मग जोड. घाई करू नकोस, गाढवे."

त्या 'गाढवे'पाशी मी संपले.

पहिला हुंदका बाहेर पडतोय न पडतोय, तोच शेजारचं मशीन सुटलं. मग पलीकडचं. मग माझं सोडून अकराच्या अकरा, माझ्याच नियमाप्रमाणे, इमानेइतबारे. एकीनंही मान वर केली नाही. ताईला पोचवून रिकाम्या घरी आले तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"बंद करा!" मी ओरडले. त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार? बाई फारच रडताहेत असं वाटून त्यांनी आणखी जोर लावला. हसावं की रडावं कळेना. शेवटी उठले, भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

सगळं थांबलं. आणि मी तिथेच उभी राहून गळा काढला, "ताई गं" म्हणून. लाजेनं मेल्यासारखं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास आला.

आधी बटणवाली उठली. मला वाटलं, पाणी आणेल. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, एक बोलू? माझ्या वेळी तुम्ही सगळ्यांनी मशिनं लावलीत ना, तेव्हा मला वाटलं, माझं रडणं इथे कुणाला ऐकायचंच नाहीये."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "आज ऐकते. सांग, कशी होती तुझी आई?"

ती सांगायला लागली आणि दुसऱ्याच वाक्याला तिचा चेहरा चुरगळला. बाकीच्या उठून कटिंगच्या टेबलाभोवती जमल्या. काजं करणारी डोळे पुसत म्हणाली, "ताई मला तर रोज गाढवी म्हणायच्या."

"तुलाही? मला वाटत होतं, तो मान फक्त माझा!"

सगळ्या हसल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या.

पलीकडच्या खोलीतून इस्त्रीवाले काका गार होत चाललेली इस्त्री हातात घेऊन आले.

"वीज गेली का हो?"

"नाही काका, मी बंद केलीय," मी डोळे न पुसताच म्हणाले. "या, बसा. ताईनं तुम्हाला काय काय नावं ठेवली ते सांगा."

काकांनी इस्त्री टेबलावर उभी केली. "कुठून सुरुवात करू?" म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

आम्ही बाराही जणींनी गप्प राहून ते ऐकलं.