न दाखवता काढलेला ठसा

“कापू नकोस. आहे तसाच राहू दे.” ताईचे हे शब्द मला अजून आठवतात.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि पाठीला खडूचे डाग आहेत, कारण माझी मालकीण शिवणकाम करते. गिऱ्हाइकांची मापं, बाह्यांचे नमुने, सगळं माझ्या पोटात असतं. दिलेलं पोटात ठेवावं, एवढाच माझा नेम.

त्याच पोटात तिचा एक खासगी फोटो होता. नवऱ्याला विश्वासाने पाठवलेला. पुढे घटस्फोट झाला आणि एका दुपारी त्याचा निरोप आला, “तो फोटो मी सगळ्यांना दाखवणार.” तिने मशीन थांबवलं, मला पालथं घातलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

मग तिने एका समाजमाध्यमाकडे तक्रार केली. उत्तर आलं, फोटो पाठवा, आमचा माणूस तपासेल. म्हणजे परक्याने पाहू नये म्हणून आधी परक्यालाच दाखवायचा! ती हसली, पण ते हसू खरं नव्हतं.

शेवटी तिची मावसबहीण आली. ती एका मदतकेंद्रात काम करते, तिला सगळे ताईच म्हणतात. ताईने समजावलं, की आता वेगळी सोय झाली आहे. फोन स्वतःच फोटोवरून आकड्यांचा एक ठसा काढतो आणि तेवढाच माध्यमांकडे जातो. ठशावरून फोटो कुणाला दिसत नाही. पण तोच फोटो कुणी टाकायला गेलं, तर ठसा जुळतो आणि वाट अडते. सगळीच माध्यमं यात नाहीत, पण मोठी बरीच आहेत.

ताई खिडकीकडे तोंड करून बसली. “मला दाखवू नकोस, मी नुसती बटणं सांगते.”

मालकीण बराच वेळ माझ्यावर बोट फिरवत राहिली. काय चाललंय, असं ताईने विचारलं. मालकिणीने सांगितलं, लाजेने ती फोटोतला आपला चेहराच कापत होती.

“कापू नकोस. आहे तसाच राहू दे. त्याच्याकडे अख्खा आहे. कापलेल्याचा ठसा अख्ख्याशी कसा जुळेल?”

“जन्मभर कापत आले, आणि आज तू कापू नको म्हणतेस.”

दोघी हसल्या. हे हसू खरं होतं.

मी अख्ख्या फोटोचा ठसा काढून दिला. फोटो माझ्या पोटातून तसूभरही हलला नाही.

आठ दिवसांनी एका माध्यमाकडून निरोप आला, की जुळणारा एक फोटो कुणाला दिसण्याआधीच अडवला आहे. तिने तो तीनदा वाचला, हात जोडले, आणि अर्धी राहिलेली बाही मशीनखाली घेतली. मित्रांनो, मलाही इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. कुणी विश्वासाने दिलेलं पोटातच ठेवा. माझ्यासारख्या तडा गेलेल्याला जमतं, ते तुम्हाला का जमू नये?

ताईने तेव्हा तिच्याकडून एक वचन घेतलं होतं, अशी पुढची बाई आली की तिच्याजवळ तू बसायचंस. आज सकाळी ताईचा फोन आला. केंद्रात एक बाई आली आहे, काहीच बोलत नाही.

मालकिणीने मशीनवर कापड टाकलं, मला पिशवीत ठेवलं आणि चपला घातल्या. रस्त्यात ती एकदाच स्वतःशी पुटपुटली,

“खिडकीकडे तोंड करून बसायचं.”