बडीशेपेची गोळी

झेन्झी गेल्यावर माझ्या नाटकाला लोक हसेनासे झाले.

माझी बायको झेन्झी व्हिएन्नाच्या आमच्या उपनगरी थिएटरात प्रॉम्प्टर होती. रंगमंचासमोरच्या पेटीत बसून ती नटांना वाक्यं सांगायची. आमचा मुख्य नट स्टुबेनफोल कधीच पाठांतर करत नसे. "पाठ केलं की शिळं होतं," म्हणायचा.

नाटकात घरमालक विचारतो, "माझ्या मुलीवर तुमचं प्रेम आहे?" न्हावी झालेला स्टुबेनफोल म्हणतो, "कोणत्या?" सगळं नाटक त्या एका शब्दावर उभं होतं. वर्तमानपत्रांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं होतं.

झेन्झीच्या जागी एक निवृत्त शिक्षक आला. शब्द वेळेवर द्यायचा. "कोणत्या?" झाल्यावर कोणीतरी शिंकलं, तेवढंच.

थिएटरचे मालक प्राटलिंगर म्हणाले, "डिर्नबेक, हे विनोदी आहे ना?"

"मलाही तसंच वाटत होतं, मालक."

"शनिवारी हसले नाहीत, तर नाटक बंद. कुत्र्यांचा खेळ लावतो. कुत्री पाठांतर तरी करतात."

झेन्झीने ऐकलेलं हे शेवटचं नाटक. ते बंद पडू द्यायचं नव्हतं. शनिवारी शिक्षकाला घरी पाठवून मी पेटीत बसलो. फळीच्या सांध्यात तिची डबी होती, बडीशेपेच्या गोळ्यांची. एक तोंडात टाकली.

घरमालकाने प्रश्न विचारला. गोळी दाढेला चिकटली. मला बोलता येईना. स्टुबेनफोलने खाली माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग एकेक बोट मोडायला लागला. लोकांना वाटलं, हा मुली मोजतोय. थिएटर हशाने दणाणलं. शेवटी मी "कोणत्या?" म्हणालो. तोही म्हणाला. पण तो शब्द कोणाला ऐकूच गेला नाही.

पडदा पडल्यावर स्टुबेनफोल आला. "काय हो लेखक, स्वतःचंच वाक्य विसरलात?"

"तोंडात गोळी होती."

"बाईंच्याही असायची. नेमकी तिथेच अडायची. वास यायचा वरपर्यंत."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही वर्तमानपत्र वाचत असायचात."

मालक म्हणाले, "नाटक चालू. कुत्र्यांना कळवतो."

डबीत फार गोळ्या उरल्या नव्हत्या. सोमवारी कोपऱ्यावरच्या मिठाईवालीकडे गेलो. डबी बघून तिने विचारलं, "बाईंच्या नेहमीच्याच ना?"

"हो," मी म्हणालो. "तिच्या संपत आल्यात."