चौथ्या पेटीच्या सिरिंजा

चौथ्या पेटीजवळ बसलेल्या आईने पर्स हळूच पायामागे सरकवली, आणि मोठ्या सिस्टरांच्या मनात पाल चुकचुकली.

काचेच्या पेटीत तिचं बाळ होतं, दिवस भरायच्या अडीच महिने आधी जन्मलेलं, जेमतेम अकराशे ग्रॅमचं. अशा बाळांच्या कोवळ्या आतड्यात यीस्ट नावाची बुरशी घर करते. दुधात थोडी चरबी वाढवली तर तिला आळा बसतो का, हे डॉक्टरीणबाई पाहत होत्या. म्हणून वॉर्डातल्या सहाही बाळांच्या दुधात माशाच्या तेलाचे मोजून थेंब पडत. पाच जणांच्या शीच्या तपासणीत यीस्ट कमी होत चाललं होतं. चौथ्याचं वाढत होतं आणि वजन जागचं हलत नव्हतं. यीस्ट रक्तात उतरलं तर बाळ हाती लागणार नाही, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं.

चौथ्याला तेल नक्की मिळतंय ना, असं डॉक्टरीणबाईंनी सकाळी सहज विचारलं होतं. तेवढ्यानेच सिस्टरांचा पारा चढला होता. बावीस वर्षांत त्यांना कोणी असं विचारलं नव्हतं. तेल त्या स्वतःच्या हाताने घालत. मग लबाडी करणारं दुसरं कोण? इतक्याशा जिवाला तेल कशाला, असं या बाईने पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करून विचारलं होतं. बाकीच्यांचं दूध पाच-दहा मिनिटांत आटपे. हे बाळ उलट्या करायचं, म्हणून त्याची सिरिंज पंपाला लावून दूध तासभर सावकाश नळीतून जाई. तेवढा वेळ आई पेटीशी एकटीच. हीच दूध बदलते, असं सिस्टरांनी ठरवूनही टाकलं.

"पर्स उघडा बघू."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

आईने पर्स उघडली. आत रुमालात गुंडाळलेल्या वापरलेल्या सिरिंजा होत्या, नऊ. प्रत्येकीवर तारखेची चिकटपट्टी.

"कचऱ्याच्या डब्यातून काढल्या," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही त्याला तेल देतच नाही. आधी नको म्हणत होते खरी, पण बाकीची बाळं भरायला लागली ना. मग डॉक्टरांना दाखवायला ठेवत गेले. पण हे बघा, तेल सगळं इथंच राहतंय."

सिस्टरांनी एक सिरिंज उजेडात धरली. दट्ट्याला लागून पिवळट कडं होतं. दुसरीतही. नववीतही.

पंपावर सिरिंज तोंड खाली करून लावलेली असे. तासाभरात तेल वर तरंगणार, दूध खालून निघून जाणार आणि तेल दट्ट्यापाशीच चिकटून राहणार, हे भांडी घासणाऱ्या कुणालाही कळलं असतं. पण पोटात हवा जाऊ नये म्हणून तोंड खालीच ठेवायचं, असा कागद पंपावरच्या भिंतीला डकवलेला होता. अक्षर सिस्टरांचं होतं. नव्या मुलींना त्यांनी हे रागावून शिकवलं होतं. रिकाम्या सिरिंजा काढायचं काम त्याच मुलींचं, म्हणून ते कडं सिस्टरांच्या नजरेला कधी पडलंच नाही.

तेल घालणं आत्ताचं होतं. आयांच्या दुधातली चरबी मात्र इतकी वर्षं अशीच कचऱ्यात गेली असणार. याच पेटीतली एक मुलगी त्यांना आठवली. ती भरत नव्हती, आणि तू नीट जेवत नाहीस म्हणून त्यांनी तिच्या आईला सगळ्यांदेखत झापलं होतं. ती मुलगी घरी गेली नाही.

सिस्टरांनी भिंतीवरचा तो कागद काढला, नऊ सिरिंजा घेतल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. चूक माझी आहे, त्या बाईंची नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

पुढच्या वेळेला त्यांनी सिरिंजमधली हवा काढून ती तोंड वर करून लावली. तेलाची पिवळी रेघ सगळ्यांत आधी नळीत शिरली. तासाभराने दूध संपलं. सिस्टर रिकामी सिरिंज काढत होत्या, तेवढ्यात आईने हात पुढे केला.

सिस्टरांनी ती तिच्या हातात दिली. आईने ती खिडकीशी नेऊन, फिरवून फिरवून पाहिली. तिचं पाहून होईपर्यंत सिस्टर पेटीपाशी उभ्या राहिल्या.