पंचफुलाबाईचा वाघ

धर्मपाल वीस वर्षांचा झाला, दिग्रसच्या कापसाच्या जिनात यंत्रांचं तेलपाणी पाहू लागला, अंगाने भरला, मिशीही बरी आली, तरी त्याच्या आईचा एक घोर काही मिटेना. पोरगा रडायचा. दारू पिऊन नव्हे, मार खाऊन नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाने रडायचा. गल्लीतला कुणाचा बैल लंगडला की ह्याचे डोळे भरले. जिनातली एखादी बाई सहज म्हणाली की घरी लेकराला ताप आहे, तर हा हातातली तेलाची झारी खाली ठेवून डोळे पुसत उभा. मग ती बिचारी स्वतःचं विसरून ह्याचीच समजूत घालायची.

पंचफुला त्याच जिनात कापसातला काडीकचरा वेचत असे. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती आणि ह्या चौदा वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. माणसं मागून आपल्या पोराला रडोबा म्हणतात हे तिला ठाऊक होतं. ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता त्याच्यासाठी मुलगी सांगून आली होती. जिनात शेजारी बसून कचरा वेचणारी भागीरता, तिच्या मावसभावाची मुलगी. मावसभाऊ घाटंजीचा, नाव उकंडा, आणि मुलगी कौसल्या. रविवारी पाहायला जायचं ठरलं. पंचफुलाची झोप उडाली, कारण पोरगा तिथे रडला तर?

पूर्वी असतं तर ती सरळ जोश्याकडे गेली असती. पण तीन वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीबरोबर ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. देव सोडले, गंडेदोरे सोडले, पंचांग सोडलं. शब्द दिला होता आणि शब्दाला ती पक्की. मात्र लग्नाआधी कुणाला तरी विचारायची जी जुनी खोड, ती काही दीक्षेने गेली नव्हती.

नेमका त्याच आठवड्यात चेन आला. हा चिनी रेशीमवाला दरसाल दिवाळीनंतर सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून दिग्रसला यायचा, आणि त्याचा मुक्काम पंचफुलाच्या शेजारी, युनूसच्या सायकल दुकानात. युनूस त्याची सायकल उलटी करून वर्षभराचा गंज काढायचा, आणि तोवर चेन भोवती जमलेल्यांना त्यांचं जनावर सांगायचा. त्याच्या मुलखात वर्षांना जनावरांची नावं होती. बारा वर्षं, बारा जनावरं, आणि ज्या साली माणूस जन्मला त्या जनावराचा स्वभाव त्याच्या अंगी. कुणी उंदीर निघे, कुणी बैल, कुणी माकड. माकड निघालेल्या कापूस दलालावर तर गाव दोन दिवस हसत होतं.

पंचफुला दोन दिवस लांबूनच ऐकत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने युनूसला बाजूला घेतलं.

"युनूस, ह्या मानसाच्या मुलकात भगवान बुद्धाले मानतेत का रे?"

युनूसने ग्रीसचे हात पुसत चेनला विचारलं. चेन म्हणाला, "मेरी माँ मानती. बहुत मानती."

झालं. "मंग हे आपल्यातलंच हाये," असं म्हणून पंचफुला ऐसपैस बसली. बुद्धाने असल्या हिशेबाला काय म्हटलं असतं ते सांगायला तिथे कुणी भंते नव्हते, आणि असते तरी तिने विचारलं नसतं.

पोराचं जन्मसाल? ते तिला आकड्यात येत नव्हतं. जिनाची नवी चिमणी उभी राहिली त्या साली दिवाळीच्या आसपास, एवढंच. युनूसचा बाप त्या चिमणीच्या कामावर होता, त्यामुळे त्याला साल पाठ. "एकोणचाळीस, मावशी."

चेनने बोटांच्या पेरांवर मोजलं. "खरगोश."

"म्हंजे ससा," युनूस म्हणाला.

"दिल बहुत नरम," चेन सांगू लागला. "काँटा दूसरे को लगे, दर्द इसको होता. झगड़ा नहीं माँगता. आँख में पानी जल्दी. घर के लिए बहुत अच्छा आदमी."

शेवटचं वाक्य पंचफुलाने ऐकलंच नाही. ससा! कुत्र्याने नुसतं भुंकावं आणि ज्याने पळत सुटावं, तो ससा! चिन्याने पोराला न पाहताच सगळं ओळखलं, ह्याचा तिला अचंबा वाटायला हवा होता. तिला राग आला.

"थांबा, थांबा," म्हणत ती उठली, घरात गेली, पत्र्याच्या पेटीतून शाळेचा दाखला काढून आणला. शाळेत घालताना मास्तरने वय बसावं म्हणून पोराला एक वर्षाने मोठं केलं होतं. दाखल्यावर साल होतं अडतीस.

चेनने पुन्हा पेरं मोजली. "ये तो बाघ. गरम दिमाग. किसी से डरता नहीं. सब इससे डरता." मग दाखल्यावरून नजर काढून त्याने पंचफुलाकडे पाहिलं. "अम्मा, लड़का एक, साल दो?"

"कागदावर सरकारी शिक्का हाये ना? मंग हेच खरं," पंचफुला म्हणाली, आणि दाखल्याची घडी घालून तरातरा घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या जिनाला कळलं की धर्मपाल वाघ आहे. भागीरताने ते बाजाराला आलेल्या माणसाबरोबर घाटंजीलाही कळवलं. आणि पंचफुलाने पोराला समोर बसवून बजावलं, "तू वाघ हायेस. चिन्यानं सांगतलं. रयवारी तथी डोये कोरडे ठेव. मान वर ठेव. बोलू तं अजिबात नोको."

धर्मपालने आईचा शब्द कधी मोडला नव्हता.

रविवारी सरकारी मोटारीने मायलेक आणि भागीरता अशी तिघं घाटंजीला पोचली. घर लहान, पण शेणाने नुकतं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजा झेंडूचा हार. उकंडा माणूस बोलका. पीकपाणी झालं, जिनातल्या कामाचं विचारून झालं. धर्मपाल "हं" आणि "नाही" ह्यापलीकडे जाईना. मग उकंडा आपल्या मेलेल्या बायकोचं सांगू लागला. कशी अंथरुणाला खिळली, शेवटी पाणीसुद्धा कसं उतरेना. पंचफुलाने पोराकडे पाहिलं. धर्मपाल दातावर दात दाबून बसला होता. जबडा कडक झाला होता, मानेच्या शिरा उभ्या, डोळे लाल. पण पाण्याचा थेंब नाही. शाब्बास, ती मनात म्हणाली.

तेवढ्यात कौसल्या चहा घेऊन आली. तिचे हात कापत होते. कप बशीतून निसटला आणि गरम चहा धर्मपालच्या गुडघ्यावर सांडला. त्याने तेच लाल डोळे वर उचलले. कौसल्याने ताट तिथेच ठेवलं आणि ती आत पळाली. दाराशी उभी असलेली तिची थोरली बहीण तिच्या मागोमाग गेली, आणि थोड्या वेळाने उकंडालाही आतून हाक आली.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा बोलकेपणा संपला होता.

"पंचफुलाबाई, वाईट नोका मानू. पोरगी नाही म्हनते."

"काहून? काय झालं?"

"भ्याली. थोरलीले दिली तवाबी लोकं म्हनत, नवरा वाघ हाये. दोन वर्षांत हात मोडून पाठवली त्यानं. तो हात अजून सरळ होत नाही. तुमचा पोरगाबी वाघ हाये म्हनून निरोप आला, तवापासून धाकटीनं जेवन सोडलं. मी म्हनलं, पाहून तं घे. पाह्यलं तिनं."

भागीरता जमिनीकडे पाहू लागली. धर्मपाल तसाच ताठ बसून होता, आईने बसवला तसा.

पंचफुलाला वाटलं, उठावं आणि मोटार गाठावी. पोराचं नाव वाघ म्हणून राहील, दुसरी मुलगी मिळेल. चार माणसांत त्याची लाज उघडी करायची कशाला? पण त्या पोरीचे कापणारे हात तिने पाहिले होते. ती उठली आणि आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"पोरी, मी लबाडी केली," ती म्हणाली. "माहा पोरगा वाघ नाही. शाळेचा कागद खोटा हाये. खऱ्या सालचा तो ससा हाये. बैल लंगडला तं रडते, लोकाच्या लेकराले ताप आला तं रडते. आता तुह्या मायचं ऐकून रडू आलं होतं त्याले. मीच धाक घातला होता, म्हनून तो असा दिसला."

पंचफुलाला थांबता येईना.

"त्याचा बाप मेला तवा सहा वर्षांचा होता तो. रात्रंदिवस रडे. मले कामावर जा लागे, मले रडून भागत नोहोतं. मी मारलं त्याले. रडला म्हनून मारलं. तवा एवढंसं लेकरू मले म्हने, माय, तुह्या वाटचं मी रडतो, तू कामाले जाय. त्याच्यावरबी मी मारलं..."

"माय, पुरे वो," धर्मपाल मागून म्हणाला. "मले तं काही आठवतबी नाही."

त्याला सगळं आठवत होतं. पंचफुलाने वळून पाहिलं आणि तिला ते कळलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तो ते पुसतही नव्हता. आपल्याही तोंडात खारट चव आली आहे, हे तिला तेव्हाच जाणवलं.

थोरली बहीण दारात आली. वाकडा राहिलेला हात दुसऱ्या हाताने धरून तिने त्या रडणाऱ्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. मग आत वळून म्हणाली, "कौसल्ये, ये बाहेर. भिऊ नोको."

कौसल्या आली. धर्मपालने उपरण्याने तोंड पुसलं.

"चहा तुह्या हातावर तं नाही ना सांडला?" त्याने विचारलं.

कौसल्याने मान हलवली. त्याच्या गुडघ्यावरच्या डागाकडे पाहिलं, मग बापाकडे. "बा, हो म्हना," ती म्हणाली आणि ताट उचलून दुसरा चहा करायला आत गेली.

तो चहा पिऊन, साखर वाटून, माघातली तारीख धरून तिघं परतीच्या मोटारीत बसली. भागीरताने लगेच डुलकी काढली. मोटार सुटली आणि धर्मपालचे डोळे पुन्हा भरले. समोरच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून काळजीने विचारलं, "काय झालं बाई? कोनी गेलं काय घरचं?"

"नाही जी," पंचफुला मोटारीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पोराचं लग्न जमलं. माहा पोरगा रडते असा. सुखातबी रडते."

माणूस हसला आणि पुढे वळला. पंचफुलाने पदराचं टोक धर्मपालच्या हातात दिलं.

"रड बापा," ती म्हणाली. "दिग्रस येईपर्यंत रड. कोनी काही म्हनत नाही."