सवतीची कॉलर

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात कपडे टाकायला कुणी येत नव्हतं, पण गर्दी मात्र मावत नव्हती. सगळे डोळे फाडून एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. तिथे म्हणे मास्तरांची मेलेली पहिली बायको येऊन बसायची.

"थोरली आलीय! नवऱ्याला न्यायला आलीय!" भुतं उतरवणारा फुंकरबाबा गरजला. "बोला मास्तर, बसलीय ना बाई?"

"बसलीय," मास्तर म्हणाले.

लोकांनी हात जोडले. मास्तरांच्या दुसऱ्या बायकोच्या, धाकटीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. बावीस वर्षं संसार हिने केला, तरी लोकांच्या तोंडी ही धाकटीच! सवत जिवंत असती, तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

बाबाने मास्तरांच्या जिभेवर राखेची चिमूट ठेवली, टाळूवर फुंकर मारली. तासाभरात मास्तर लाकडासारखे ताठ. "बघा, थोरलीने मिठी मारली!"

हा रोजचाच खेळ. पण त्या दिवशी मास्तरांना पाण्याचा घोटही गिळवेना.

"मिठी मारतेय काय! बघतेच कशी नेते ती!" धाकटीने नवऱ्याला गाडीत घातलं, इस्पितळ गाठलं आणि बाबाची राखेची पुडी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटली.

राख बंद झाली, तसे आठ-दहा दिवसांत मास्तर बरेच सैलावले. मग तपासण्या झाल्या. पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने त्यांतले चार त्यांना आठवले. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर सगळे आकडे एकाच बाजूला! धाकटी चपापली. तीन महिने मास्तर बाही उलटी जोडत होते, आणि यांचं चित्त थोरलीपाशी आहे असं समजून ही जळत होती.

"ती बाई दिसते कशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चेहरा नाही दिसत. कॉलर वाकडी आहे. शेजारी दोन पोरं असतात, एक मांजर."

"पोरं? अहो, थोरलीला मूल कुठं होतं? मग तिचं नाव का घेतलंत?"

"मी कुठं घेतलं? मी म्हणालो, बाई बसलीय. थोरली तूच म्हणालीस."

धाकटीचा चेहरा पडला. खरंच की! 'आली असेल तुमची थोरली' असं तीच फणकारली होती, आणि गल्लीभर तिनेच सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूची चित्रं दाखवली. "अल्झायमरमध्ये बहुधा आधी आठवण जाते. यांचा आठवणींचा भाग बराच शाबूत आहे. पण हालचाल सांभाळणाऱ्या पेशी इथे कमी झाल्यात, बघा. नजरेचा मेळ बसत नाही, नसलेली माणसं दिसतात. हा लुई बॉडी डिमेन्शिया, मेंदू हळूहळू झिजवणारा आजार. आणि तुमची राख तपासून घेतली मी. वेड शांत करायच्या गोळ्या कुटून घातल्यात तिच्यात. त्या या आजारात माणसाला ताठ करतात, जीवही घेऊ शकतात."

दुसऱ्या दिवशी दुकानात धाकटीने भर गर्दीत राखेच्या तपासणीचा कागद वाचून दाखवला. "फुंकर मार, बाबा! पण चिमूट आज तू खा!" बाबाने चपलासुद्धा घातल्या नाहीत, तसाच पळाला.

"हा आजार पुरता बरा होत नाही," धाकटी लोकांना म्हणाली. "पण मत्सराने मी आंधळी झाले, तसे तुम्ही होऊ नका. घरचं माणूस काही वेगळं बघू लागलं, तर त्यालाच नीट विचारा, आणि डॉक्टरकडे न्या."

गर्दी पांगली. मास्तरांनी खुर्चीकडे बोट केलं. "ती बघ, बसलीय."

धाकटीच्या पोटात अजूनही जरासं जळलंच. तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला. "बसू दे. तुम्ही मात्र माझ्याजवळ बसा."