स्लॅबवरचा चुना

सयाजीच्या ऋतुजाचं लग्न ठरलं, त्या सालची गोष्ट. तिथी वैशाखी पौर्णिमेची धरली होती आणि ऊन तर चैत्रातच अंगावर आलं होतं.

सयाजीचा बाप महिपती वाघमोडे दर पाडव्याला स्लॅबवर चुना मारायचा. सोलापुरात वरच्या मजल्यावर राहायचं तर दुसरा इलाज नाही. आधी भेगा सिमेंटने बुजवायच्या, पाइपाच्या तोंडातला पाला काढायचा, स्लॅब भिजवायचा आणि ड्रममध्ये मुरलेल्या चुन्यात मीठ नि डिंक घालून दोन हात द्यायचे. मग खालची खोली माणसाने बसावं एवढी तरी राहते. त्या खोलीत त्याची बायको बजाबाई खाटेवर होती. थंडीत पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचं उठणं नव्हतं. तिथला कुलर सयाजीने लग्नाच्या पाहुण्यांसाठी म्हणून आधीच तळमजल्यावर नेला होता.

चुना मुरला, पण स्लॅब मोकळा मिळेना. सयाजीची बायको दाक्षायणी हिने या कडेपासून त्या कडेपर्यंत जुनी लुगडी अंथरून रुखवताच्या कुरडया घातल्या होत्या. लाल, हिरव्या, पिवळ्या.

"हे कवा उचलणार?" महिपतीने विचारलं.

"वाळल्यावर."

"म्हातारी भाजून निघतीय तिथं."

"मग आणा की खाली. मी काय दाराला कुलूप घातलंय व्हय?"

"तू बोलाव तिला."

"मी? इतकी वर्सं माझं तोंड बघितलं न्हाय त्यांनी, आन मी आरती घेऊन जाऊ? मामा, रुखवत मांडल्याबिगर हितं ब्रश लावायचा न्हाय. चुन्याची पूड उडाली तर विहिणीच्या तोंडात काय घालू?"

"तुझ्या कुरडया न खाता कुणी मरत न्हाय."

"चुन्याबिगर बी कुणी मरत न्हाय."

सासू-सुनेचा अबोला कशावरून पडला ते त्या दोघींनाच ठाऊक. घरात ते विचारायची सोय नव्हती.

कुरडया उचलल्या तर सांडगे आले, सांडगे उचलले तर पापड. महिपती रोज जिना चढायचा, ड्रम ढवळायचा आणि शिव्या देत उतरायचा. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दाक्षायणी लग्नाच्या पत्रिका घेऊन मोडनिंबला माहेरी गेली. त्या संध्याकाळी महिपतीने लुगडी पापडांसकट गोळा करून कठड्याला ढकलली आणि बजाबाईच्या खोलीवर पहिला हात दिला. दुसरा सकाळी द्यायचा होता.

सकाळी पहिल्या एसटीने दाक्षायणी परतली. लुगड्यांची बोचकी तिने उघडली. आत पापडांचा नुसता चुरा होता. ती तशीच उठली. नळाला नळी लावली, खराटा घेतला आणि स्लॅब धुवायला लागली. चुना अजून धरला नव्हता. पांढरं पाणी पाइपातून खळखळ अंगणात आलं.

"अगं, माणूस हाय खाली!" महिपती ओरडला.

"माझी पोरगी बी माणूसच हाय!"

सयाजी अंगणात गाडी पुसत उभा होता. "आबा, पौर्णिमेपतोर दम काढा की."

"मी काढतो रं दम. तुझ्या आईचं काय?"

सयाजी पुन्हा गाडी पुसायला लागला.

दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. महिपतीने गोणपाट भिजवून खिडकीला बांधलं, तर घटकाभरात त्याचा पत्रा झाला. तो खाटेपाशी बसला. "बजे, उचलून नेतो तुला खाली. कुलर हाय तिथं."

"तिला वर येऊ द्या," बजाबाई म्हणाली. "उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन 'आत्या, चला' म्हनू द्या. मग येते. न्हायतर मला हात लावायचा न्हाय."

महिपती खाली गेला. दाक्षायणी नव्या पापडांचं पीठ मळत होती.

"दोन शब्द बोल जा तिला. लई लागलंय तिला ऊन."

"बोलते की," दाक्षायणी मान वर न करता म्हणाली. "माझ्या लेकीच्या रुखवताची माती केली, त्याचं चुकलं म्हणा. तुमचेबी दोनच शब्द लागतील. लगेच जिना चढते."

परातीवर तिचे हात थांबले. ती खरंच वाट बघत होती. महिपतीच्या जिभेवर शब्द आला होता. बायकोपायी आजवर कुणाकुणापुढे तो वाकला होता, पण सुनेपुढे, तेही तिच्या चुलीजवळ उभं राहून, त्याला वाकवेना.

"तुझं पीठ मळ," तो म्हणाला आणि पुन्हा वर गेला.

त्यानंतर कुणी खाली आलं नाही आणि कुणी वर गेलं नाही. सयाजी तेवढा सकाळ-संध्याकाळ बर्फाची पिशवी पायरीवर ठेवून जायचा. महिपती फडकं भिजवून बायकोच्या कपाळावर ठेवत राहिला. तिसऱ्या दिवसापासून बजाबाई त्याला ओळखेना.

घरात सुतक आलं आणि लग्न ज्येष्ठात ढकलावं लागलं. बजाबाई महिपती वाघमोडे वैशाख शुद्ध नवमीला, भर दुपारी, वरच्या खोलीत वारली.